टेप चिकटत नाही म्हणून लगेच टेपला दोष देऊ नकोस

अरे, तू लिहिलंयस की डबल साइड टेप लावली आणि तासाभरात फ्रेम खाली आली, तर आधी सांग टेप नुसती टेकवलीस की नीट दाबलीस? ही टेप दाबावरच चालते, तिला पाणी नको की उष्णता नको, पण तिचा गोंद मऊ आणि घट्ट अशा दोन्ही गुणांचा असतो, तो पृष्ठभागाच्या बारीक खाचांत पसरायला जोर आणि वेळ दोन्ही लागतं. अ‍ॅक्रिलिक फोम टेपची (म्हणजे स्पंजासारख्या जाड डबल साइड टेपची) पूर्ण पकड यायला साधारण 72 तास जातात, तोवर वजन टांगूच नकोस. आणि आधी टेप लावायची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घे, बोटाचं तेलसुद्धा पकड घालवतं, हे मी स्वतः अनुभवलंय. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकवर मात्र कितीही दाबलीस तरी प्रायमरशिवाय (पकड यावी म्हणून आधी लावायचा थर) बहुतेक टेपा सुटतातच. फार थंडीतही लावू नकोस, गोंद कडक होतो, पसरतच नाही.

खोक्याची तपकिरी कागदी गमची टेप वेगळी, तिचा स्टार्चचा गोंद कोरडा असताना हाताला चिकटतही नाही, ओला केला की जागा होतो आणि पुठ्ठ्याच्या तंतूंत शिरतो, म्हणून नंतर ओढलीस तर पुठ्ठाच फाटून येतो. ओला स्पंज एकदाच फिरव, गोंद चकाकला की बास, पाणी ओघळलं तर गोंदच वाहून जातो.

कापडाला इस्त्रीने लावायची टेप उष्णतेवर वितळते. ती गार होईपर्यंत हलवू नकोस.