गिऱ्हाईक काय म्हणेल, हे कुणी ठरवलं?

प्रश्न : आमचा बचत गट डिचोलीचा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आम्ही सोलं (वाळवलेली कोकमं) विकतो. भाव वाढवायचा म्हटलं की सगळ्याजणी म्हणतात, ‘कोण घेणार?’ काय करावं?

उत्तर : ताई, हा अंदाज गिऱ्हाइकाचा नाही, तुमचा आहे. आपल्याला जे महाग वाटतं ते सगळ्यांनाच वाटत असणार, असं मन धरून चालतं. मानसशास्त्रज्ञ ली रॉस आणि सहकाऱ्यांनी 1977 मध्ये छापलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना विचारलं, जाहिरातीचा फलक अंगावर अडकवून फिराल का? तयार झालेल्यांना वाटलं 62 टक्के लोक होकार देतील. नकार देणाऱ्यांना वाटलं 67 टक्के नकारच देतील.

चर्चेआधी प्रत्येकीने आपला भाव चिठ्ठीवर लिहावा. आधी बोललात तर पहिल्या आवाजामागे बाकीच्या जातात. मग एकाच प्रतीची पाव किलोची वीस पाकिटं, एकच जागा. एका शुक्रवारी जुना भाव, दुसऱ्या शुक्रवारी नवा, असे चार शुक्रवार. मध्ये चतुर्थी आली तर तो शुक्रवार मोजू नका, त्या गर्दीने आकडे फसतात. ओळखीच्यांची खरेदी वेगळी लिहा.

खरी गोची मात्र विकणारीच्या मनात असते. ‘मला विकता येत नाही’ असं मानणारी, गिऱ्हाइकाने पाकीट नुसतं उलटून बघितलं की लगेच ‘दहा कमी द्या’ म्हणते. मग सोलं महाग होती की आपण घाबरलो, हे कळतच नाही. म्हणून भाव पाकिटावरच लिहा, आणि गिऱ्हाईक स्वतःहून विचारेपर्यंत सूट नाही. कितीजणांनी चौकशी केली आणि कितीजणांनी घेतलं, दोन्ही वहीत मांडा.