‘सारखा’ दिसला की उपमा?

प्रश्न : ताई, आम्ही इंदूरला राहतो, मुलगा सातवीत आहे. शाळेत सगळं हिंदी-इंग्लिश, मराठी फक्त घरी, म्हणून आजी रोज एक कविता वाचून घेतात. त्याने कवितेतले अलंकार ओळखायला ‘सारखा’ दिसला की उपमा, ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा असं पाठ केलंय, पण परवा ‘आई म्हणजे वडाची सावली’ असं आलं तर म्हणे यात तर कुठलाच शब्द नाही, आणि आई सावली कशी असेल? मला नीट समजावता येईना.

उत्तर : अहो, त्याचा प्रश्न एकदम बरोबर आहे, त्याला गप्प करू नका. शब्द शोधायची सवय मात्र आधी सोडवा, कारण ‘बाळ सारखं रडतंय’ यातही सारखं आहे आणि ‘इंदूर भोपाळसारखं मध्य प्रदेशातलंच शहर’ यातही आहे, पण दोन्हीकडे उपमा नाही. पहिल्यात सारखं म्हणजे सतत, आणि दुसऱ्यात शहराची शहराशी नुसती तुलना, त्यात कल्पना काहीच नाही. उपमेत दोन वेगळ्या जातीच्या वस्तू लागतात, आणि एखादाच गुण त्यांना जोडतो.

आता घरचंच घ्या, इंदूरच्या घरात शेवेचा डबा तर असतोच. ‘पाऊस शेवेसारखा बारीक पडतोय’ म्हटलं की पाऊस उपमेय (ज्याचं वर्णन करायचं ते), शेव उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते), ‘सारखा’ साम्यवाचक शब्द आणि बारीकपणा हा साधारण धर्म, म्हणजे दोघांत सारखा असलेला गुण, चारही हजर, म्हणून ही पूर्णोपमा. ‘बारीक’ काढून टाका, उपमा राहतेच पण लुप्तोपमा होते, आणि कशात सारखं ते मुलाला स्वतः शोधावं लागतं. ‘जणू वर कुणी शेव पाडतंय’ ही उत्प्रेक्षा, कारण इथे पाऊस म्हणजे जणू शेवच अशी कल्पना केलीय. आणि ‘आभाळाच्या सोऱ्यातून पाऊस उतरला’ म्हटलं की संपलं, तिथे सारखंबिरखं काही नाही, आभाळ हाच सोऱ्या, हे रूपक. आजी शेव पाडायला बसतील तेव्हा सोऱ्या त्याच्या हातात देऊन हे सांगा, वहीपेक्षा लवकर कळेल.

वडाच्या सावलीचंही तेच. ‘आई सावलीसारखी थंड’ म्हटलं असतं तर कवीने गुण सांगूनच टाकला असता, रूपकात तो आपल्यावर सोडलाय. म्हणून त्याला विचारा, उन्हातून येऊन झाडाखाली बसलास की काय काय होतं? तो म्हणेल गार वाटतं, मग म्हणेल सावली पैसे मागत नाही, कदाचित म्हणेल झाड स्वतः उन्हातच उभं असतं. मला स्वतःला हे शेवटचं फार आवडतं, मुलं असं बोलतात तेव्हा त्यांना कविता कळलेली असते, अलंकाराचं नाव दोन दिवसांनी सांगितलं तरी चालेल.

आणि खुर्चीचे पाय, बाटलीचं तोंड, मडक्याचा गळा, ही पण दाखवा त्याला, वापरून वापरून इतकी गुळगुळीत झालीत की रूपकं आहेत हे आपण विसरलोय. घरात फिरून अशी दहा शोधायला सांगा, मजा येईल.

परीक्षेपुरतं एकच, हिंदीच्या पेपरात ‘वाचक शब्द’ लिहायचं, मराठीत ‘साम्यवाचक शब्द’, बाकी उपमेय, उपमान, साधारण धर्म दोन्हीकडे तेच.