घर सतत टापटीप ठेवायच्या हट्टातून बाहेर कसं पडावं?

पाहुणे येणार म्हटलं की दोन दिवस आधीपासून पोटात गोळा येतो आणि घरच्यांनी केलेलं काम तुम्ही पुन्हा करता, असं तुमच्या प्रश्नात लिहिलंय. दुसरं वाचून हसूच आलं. नवऱ्याने घडी घातलेले टॉवेल मी त्याच्यामागे उलगडून पुन्हा घालायचे. त्याला कळलं, त्याने ते काम सोडलं. वर 'कुणी मेलं मदत करत नाही' ही तक्रार माझीच!

ह्युइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये 'सगळं अगदी बिनचूकच हवं' या हट्टाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा, आणि लोकांची आपल्याकडून ती आहे असं वाटणं. टॉवेल दुसऱ्यात, पाहुणे तिसऱ्यात.

माझा पीळ थोडा सैल झाला तो गोधडीमुळे. आठवड्यातून एक दुपार आम्ही सात-आठजणी एकाच गोधडीभोवती बसायचो. वरचं कापड, मधला भर, खाली अस्तर. मधून कडेकडे शिवत जायचं, म्हणजे चुण्या पडत नाहीत. माझा धावदोरा बारीक, एकसारखा. शेजारणीचा एक टाका लांब, एक आखूड. पहिल्याच दिवशी ती पाणी प्यायला उठली आणि मी तिचे टाके उसवायला घेतले. समोरच्या आजी म्हणाल्या, "अगं, सारखा आहे का ते बघू नकोस. खाली पोचलाय का बघ." कड उलटून पाहिली. तिचा प्रत्येक टाका अस्तरातून आरपार गेलेला. माझे सुबक टाके दोन ठिकाणी वरच्यावरच राहिलेले! भर धुताना सरकू नये म्हणून तर ते टाके. पहिल्या धुण्यानंतर कापड असं आक्रसतं की कुणाचा टाका कुठला, ओळखू येत नाही.

शिवाय हात गुंतलेले, नजर खाली, त्यामुळे बायका खरं बोलतात. जिच्या घराचा मला हेवा वाटायचा, ती पाहुणे आले की सगळा पसारा एका खोलीत कोंबून बाहेरून कडी लावते, हे मला तिथेच कळलं. आणि घासलेली भांडी संध्याकाळी पुन्हा खरकटी होतात, पण घातलेला टाका पुढच्या आठवड्यात होता तिथेच असतो. याचं मला फार बरं वाटायचं.

झोपच उडत असेल तर मात्र समुपदेशकाशी बोला, सगळं काही टाक्यांनी सुटत नाही.

टॉवेल आता पुन्हा नवराच आवरतो, गुंडाळी करून. ओट्याला मात्र अजून मी कुणाला फडकं लावू देत नाही.