आराखड्याचा शेवटचा रकाना आधी भर

नाशिक

सप्रेम आशीर्वाद.

पीएमपी या प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राची परीक्षा द्यावी, स्वयंसेवी संस्थांसाठी असलेला प्रोजेक्ट डीप्रो हा तशाच प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करावा, की हे सगळे सोडून पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर आणखी एक वर्ष काढावे, असे तू विचारले आहेस. पीएमपीसाठी पदवीधराकडे 36 महिने प्रकल्प हाताळल्याचा अनुभव लागतो. तो तुझ्याकडे नाही, तेव्हा तो विषय तूर्त बाजूला ठेव. डीप्रोची मार्गदर्शिका विनामूल्य मिळते, ती अवश्य वाच. माझी तक्रार अभ्यासक्रमांबद्दल नाही, तू सोबत जोडलेल्या पाणी प्रकल्पाच्या आराखड्याबद्दल आहे.

लॉगफ्रेमच्या, म्हणजे अख्खा प्रकल्प थोडक्यात मांडणाऱ्या, तक्त्याला उद्दिष्टे, निर्देशक (काम झाले हे मोजण्याच्या खुणा), पडताळणीची साधने आणि गृहीतके असे चार रकाने असतात. पहिले तीन तू सुबक भरलेस आणि चौथ्यात ‘ग्रामस्थांचे सहकार्य मिळेल’ एवढेच लिहून मोकळा झालास. अरे, कोणाचे सहकार्य, कोणत्या महिन्यात? जून ते सप्टेंबर पेठ-सुरगाण्याच्या पावसात बांधकाम होत नाही आणि त्याच दिवसांत माणसे भाताच्या आवणीत गुंतलेली असतात. पाऊस उघडतो तोवर निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांची छाटणी सुरू होते आणि घरेच्या घरे कुलूप लावून मळ्यांवर जातात. तुझी पाणी समितीची प्रशिक्षणे नेमकी नोव्हेंबरात आहेत. तिथे बसणार कोण, म्हातारी माणसे आणि तू?

आमच्या एका पाड्यावर विहिरीवर सौरपंप बसवला होता. पंप उत्तम, टाकी उत्तम, उद्घाटनाचे फोटोही उत्तम. पण खोलीची एकुलती किल्ली ज्या तरुणाकडे होती, तो बायकोला घेऊन छाटणीला गेला आणि बायका पुन्हा डोक्यावर हंडे घेऊन विहीर उतरू लागल्या. अहवालात मात्र ‘100 टक्के काम पूर्ण’ असेच गेले, आणि ते खोटेही नव्हते, कारण निर्देशक पंप बसवण्याचा होता. पंप चालवणारा माणूस बारमाही गावात राहील, हे गृहीतक कोणीच लिहिले नव्हते. म्हणून सांगतो, चौथा रकाना आधी भर.

पैशाचेही तसेच. निधी एप्रिलमध्ये मिळेल असे तू धरले आहेस, पण करार, मंजुरी आणि पहिला हप्ता यांत पावसाळा कधी येतो ते कळत नाही. मग मार्चअखेरीच्या धाकाने घाईत खर्च होतो. देणगी कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्व (सीएसआर) निधीतून असेल, तर कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार कंपनीच्या संचालक मंडळाने काम बहुवर्षीय ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केले, तर न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढील तीन वर्षांत वापरता येते. हे देणगीदाराशी पहिल्याच बैठकीत बोलायचे असते, फेब्रुवारीत नव्हे. आणि ते बोलण्याचे सुचते केव्हा? चौथा रकाना आधी भरला असेल तेव्हाच.

या हट्टापायी मी निधी गमावला आहे. आमची गृहीतके वाचून एका देणगीदाराने ‘एवढ्या शंका असतील तर काम घेता कशाला?’ असे विचारले आणि पैसे दुसरीकडे दिले. त्या गावाचे पाणी लांबले, याची हळहळ मला अजून आहे. तरीही तो रकाना गोड करून लिहायला हवा होता, असे मला वाटत नाही. ज्याला धोके कागदावर वाचणेही सोसत नाही, तो ते प्रत्यक्षात उभे राहिल्यावर आपल्या पाठीशी उभा राहिला असता, हे मला कोणी पटवून द्यावे. सहकारी मला आडमुठा म्हणतात. म्हणोत.

तुझी तळमळ मी जाणतो, म्हणूनच एवढे रागावून लिहिले. तालुक्याला जाशील तेव्हा आराखडा पिशवीतच राहू दे आणि प्रत्येक घरी एवढेच विचार की, शिमग्यापर्यंत इथे कोण असते, कोण नसते आणि नसताना गुरे, म्हातारी माणसे, किल्ल्या कोणावर सोपवून जातात. मग तक्ता मला परत पाठव. पहिले तीन रकाने कोरे असले तरी चालतील.

कळावे.