दाणे आणि तोळे

प्रश्न : माझे वय ४६ असून मी बडोद्यातील एका विमा कंपनीच्या दावे विभागात नोकरी करते. पहाटे पती आणि मुलगा यांचे डबे, सासूबाईंच्या गोळ्या, मग दांडिया बाजारातून अलकापुरी, दिवसभर फायली आणि संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक, हा क्रम वर्षानुवर्षे चालू आहे. व्यक्तिमत्त्व विकासाच्या कार्यशाळा करून झाल्या. रोज कृतज्ञतेच्या चार ओळी लिहिण्याचा नेमही धरला, पण तेही एक कामच होऊन बसले. मध्यंतरी एका वृद्ध गृहस्थांच्या पत्नीचा दावा अडला होता, कारण पॉलिसीत तिच्या नावापुढे ‘बेन’ होते आणि मृत्यूच्या दाखल्यात ‘बाई’. त्यांना शेजारी बसवून प्रतिज्ञापत्राचा मसुदा गुजरातीत करून दिला. तेवढा एक दिवस काय तो लक्षात राहिला. आता मैत्रीण एका महागड्या शिबिराला चल म्हणते आहे. या रहाटगाडग्यात माझी काही वाढ होते आहे का, आणि अर्थ शोधायचा तरी कुठे?
एक वाचक, बडोदे

उत्तर : आपल्याच शहराशी नाते असलेल्या एका घरातली गोष्ट आधी सांगतो. विनोबा भावे यांची विद्यार्थिदशा बडोद्यात गेली. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला म्हणून ते येथूनच निघाले आणि वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले. त्यांच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, एकदा देवाला लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला आणि त्या एकेक दाणा मोजून वाहू लागल्या. ते पाहून वडिलांनी सुचवले, की तोळाभर तांदळात किती दाणे भरतात ते मोजावे, त्यावरून लाखाला किती तोळे लागतील याचा हिशेब करावा आणि कमी पडू नये म्हणून वर अर्धा तोळा घालावा. आईला यावर काय बोलावे ते सुचेना. तिने मुलाला विचारले. विनोबांचे म्हणणे असे पडले, की हा गणिताचा प्रश्न नाही, प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे स्मरण होते, तेव्हा मोजतच राहावे.

या गोष्टीत वडिलांच्या पदरी बहुधा कमीपणा येतो, आणि ते मला न्यायाचे वाटत नाही. वाण्याच्या दुकानात त्यांचीच रीत बरोबर ठरली असती. आपली अडचण मला अशी दिसते, की दिवसातली सगळीच कामे आपण दाणा दाणा मोजून करता, आणि जिथे खरोखर दाणे मोजायला हवेत तिथे पोचेपर्यंत हात थकून गेलेले असतात.

डबे हे तोळ्याचे काम आहे. भाजी आदल्या रात्री ज्याला वेळ असेल त्याने चिरावी, आठवड्यातून काही दिवस पोळ्या बाहेरून आणाव्यात. सासूबाईंच्या आठवड्याच्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत लावून ठेवणे मुलाला सहज जमेल. त्यांच्याजवळ दहा मिनिटे काही न आवरता बसणे मात्र दाण्याचे आहे, आणि ते आपल्याकडे ठेवावे. भांडी घासतानाही देव पाहावा, असा उपदेश घरातल्या बाईला करण्याची आपल्याकडे फार हौस आहे, आणि तो करणाऱ्याचे हात सहसा कोरडे असतात. आपल्या पत्रात पती आणि मुलगा यांचा उल्लेख केवळ डब्यापुरता आला आहे. कामाची वाटणीच जिथे विषम आहे, तिथे अर्थ शोधून थकवा जाणार नाही. तिथे वाटणीच बदलावी लागेल.

कार्यालयाचे निराळे आहे. बडोद्यातल्या मराठी घरांतील बाईची कागदोपत्री ‘बेन’ कशी होते, आडनाव गुजरातीतून इंग्रजीत जाताना कसे बदलते, हे आपल्याला जितके कळते तितके मुख्य कचेरीतल्या अधिकाऱ्याला कळणार नाही. हेच आपले क्षेत्र समजून ते मुळापासून शिकावे : नामनिर्देशन आणि वारसा यांतील फरक, कोणत्या चुकीला प्रतिज्ञापत्र पुरते आणि कोणत्या चुकीला नाही. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते, हे दावेदाराला समजेल अशा भाषेत सांगता आले पाहिजे. कृतज्ञतेची वही बंद करून तिच्या जागी दुसरी उघडावी आणि तिच्यात दावा कुठे अडला, का अडला आणि कशाने सुटला, एवढेच लिहावे. वर्षभराने ती चाळली, म्हणजे वाढ झाली की नाही हे विचारण्यासाठी आपल्याला कोणा सल्लागाराची गरज पडणार नाही.

कारकुनीत माणूस खुरटतो, असे सरसकट म्हणता येत नाही. अरविंद घोष १८९३ साली बडोदे संस्थानाच्या नोकरीत आले आणि प्राध्यापकी मिळण्यापूर्वी जमाबंदी, मुद्रांक अशा रुक्ष खात्यांत काम करत होते. त्यांचे संस्कृत आणि बंगालीचे अध्ययन त्याच बडोद्याच्या काळातले. अर्थात घरचा स्वयंपाक आटोपून ते वाचायला बसत नव्हते, हेही ध्यानात ठेवावे.

शिबिर या वर्षी राहू द्यावे. मैत्रिणीचा सहवास हवा असेल तर तिच्याबरोबर रविवारी सकाळी कमाटीबागेत जावे, आणि त्या सकाळचा नाश्ता घरातल्या इतरांनी करावा, हे आधीच सांगून ठेवावे. पहिल्या आठवड्यात बाहेरच्या पोळ्यांविषयी तक्रार येईल. ती शांतपणे ऐकून घ्यावी, आणि लाटणे मात्र पुन्हा हाती घेऊ नये.