मेटोप्रोलॉल सुरू केल्यापासून वडिलांचा पल्स ७८ वरून ५४ वर आला, गोळीमुळेच का?
हो, बहुतेक गोळीमुळेच, मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर आहे नं, ॲड्रेनलिनचा हृदयावरचा जोर कमी करणं हेच त्याचं काम, म्हणून ठोके हळू पडतात. मी नागपुरात मेडिकल चालवतो, काउंटरवर हा प्रश्न नेहमीचाच. पण सगळ्याच बीपीच्या गोळ्या असं करत नाहीत. ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, डिल्टियाझेम, वेरापामिल ह्या पल्स उतरवतात, टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलनं फारसा फरक पडत नाही, आणि अम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते त्यामुळे कोणाकोणाला उलट धडधड होते. लघवी वाढवणारी गोळी असेल तर आपल्याकडच्या ४५ डिग्रीच्या मे महिन्यात अंगातलं पाणी कमी होऊन पल्स वाढतो, लोकांना वाटतं बीपी वाढलं, पुष्कळदा ते पडलेलं असतं. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा, ब्रँडवर जाऊ नका, त्याच नावाला 'एएम' नाहीतर 'एच' असं शेपूट लागलं की आत आणखी एक औषध आलं समजा. चक्कर, दम, थकवा नसेल तर ५४ ला एवढं घाबरायचं काम नाही, तरी डॉक्टरच्या कानावर घाला, ५० च्या खाली जात असेल किंवा भोवळ आली तर मात्र त्याच दिवशी दाखवा. आणि गोळी मनानं बंद करू नका हं, बीटा ब्लॉकर एकदम सोडला की पल्स अन् बीपी दोन्ही उसळी मारतात.