आपला विश्वास पाळकांच्या भरवशावर सोडू नका

चर्चमध्ये पाळकांचा, म्हणजे धर्मगुरूंचा, उपदेश ऐकून घरी जाणं म्हणजे विश्वास जोपासणं नव्हे. बिरुया शहराचे लोक प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात पडताळून पाहत (प्रेषितांची कृत्ये 17:11). तुम्हीही रविवारी सांगितलेला बायबलमधला उतारा त्याच आठवड्यात स्वतः उघडून वाचा.

सुरुवात उत्पत्तीपासून, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, करू नका. अनेकांची गाडी लेवीय या नियमांनी भरलेल्या पुस्तकात अडते. मार्कनं लिहिलेलं येशूचं चरित्र, म्हणजे मार्कचं शुभवर्तमान, घ्या. 16 अध्याय आहेत, रोज एक. वहीत दोनच गोष्टी लिहा: इथे येशू काय करतो, आणि मला काय कळलं नाही. दुसरी जास्त महत्त्वाची, कारण पाळकांना विचारायला नेमका प्रश्न हाताशी राहतो.

सगळ्यात मोठी चूक सुटं वचन उचलण्याची. फिलिप्पै 4:13 (‘मला सामर्थ्य देणाऱ्यामुळे मी सर्व काही करू शकतो’) परीक्षेत यश मिळावं म्हणून भिंतीवर लावतात, पण आधीचं 12वं वचन भूक आणि विपुलता दोन्हींत टिकण्याविषयी आहे. म्हणून मागची-पुढची दहा वचनं तरी वाचाच.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर बायबलमधलं एक स्तोत्र मोठ्यानं वाचा. दिवस चुकला तर भरपाई नको, दुसऱ्या दिवशी पुढचा अध्याय.

आणि हो, जबाबदारी स्वतःची म्हणून मंडळी, म्हणजे आपलं चर्च, सोडू नका. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात ‘एकमेकांची ओझी वाहा’ (6:2) आणि ‘प्रत्येकाने आपला भार वाहावा’ (6:5) हे दोन्ही तीन वचनांच्या अंतरावर आहे.